जुना संगणक आणि कोरीव यंत्राचा वीजपुरवठा

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्राविषयी लेख पाहून काही वाचक भुवया उंचावतील. परंतु ज्या यंत्राविषयी मी लिहीत आहे ते नक्षी कोरणारे यंत्र आहे. म्हणजे कलेशी त्याचा संबंध अगदीच नाही असे म्हणता यावयाचे नाही. सी.एन.सी. या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, की कापणाऱ्या हत्याराने कोठून कोठे आणि किती वेगाने जावे हे आकड्यांनी सांगावयाचे आणि त्या आकड्यांचा हिशेब संगणकाने ठेवावयाचा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदाराला हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्र आकार हवे होते. त्यातून मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९५२ साली छिद्रांकित कागदी फितीवरील आकडे वाचून चालणारे यंत्र करून दाखविले. त्या वेळी नुसत्या नियंत्रकाला निर्वात नळ्यांनी भरलेले मोठे कपाट लागत असे. आज तेच काम मोडीत निघालेला घरगुती संगणक करू शकतो, आणि म्हणूनच हे यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

आमच्या पहूरला, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, माझ्या मामांचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. तेथे मामांनी लोखंडी चौकट, तीन मोटारी, तीन आट्यांचे दांडे आणि एक लाकूड कोरणारी फिरकी जमवून असे यंत्र स्वतः बांधले आहे. (याच रस्त्याने पुढे गेले की जी लेणी लागतात त्यांना छिन्नी-हातोडा पुरला, हे मामा स्वतःच हसत हसत सांगतात.) त्याला जोडलेला संगणक किमान वीस वर्षे वयाचा आहे. जुन्या वस्तू चालतील तोवर चालवाव्यात अशी आमच्या गावची रीत. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची छोटी गाडीसुद्धा २०२० पर्यंत आमच्या स्थानकावरून जात होती.

परंतु येथे जुना संगणक केवळ काटकसरीने ठेवलेला नाही. त्याच्या पाठीमागे पंचवीस छिद्रांचे एक जोडस्थान असते, त्याला पॅरलल पोर्ट म्हणतात. मुळात ते छपाईयंत्रासाठी होते. त्यातल्या बारा तारांवरून संगणक बाहेर इशारे देऊ शकतो, पाच तारांवरून बाहेरचे इशारे आत घेऊ शकतो, आणि उरलेल्या आठ तारा जमिनीच्या, म्हणजे शून्य दाबाच्या. प्रत्येक मोटारीला दोन तारा पुरतात: एक ‘पाऊल टाक’ म्हणणारी आणि दुसरी ‘कोणत्या दिशेने’ हे सांगणारी. नव्या संगणकांवर हे जोडस्थान दिसेनासे झाले. त्यांची यू.एस.बी. कितीही वेगवान असली तरी ती माहितीचे गठ्ठे करून पाठविते. आणि येथे वेगाइतकाच ताल महत्त्वाचा असतो.

तालाचे गणित सोपे आहे. अशा मोटारीचा आस एका पूर्ण फेऱ्यात २०० पावले टाकतो. चालक-पेटी प्रत्येक पावलाचे आठ भाग करते, म्हणजे एका फेऱ्यास १६०० ठोके. दांड्याची आटी एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे सरकविते, म्हणून एक मिलिमीटरला ३२० ठोके झाले. मिनिटाला १५०० मिलिमीटर वेगाने सरकावयाचे तर सेकंदाला २५ मिलिमीटर, अर्थात ८००० ठोके. दोन ठोक्यांमधील अंतर सेकंदाचा आठ हजारावा भाग. हा ठेका चुकला की मोटार पाऊल गाळते, आणि तिने पाऊल गाळले हे संगणकाला कळत नाही. तो आपला पुढचे आकडे मोजत राहतो. तबलजी एक मात्रा खाऊन गेला आणि गवयाला ठाऊकच नाही, तशी ही गत होते.

गेल्या वर्षी आखाजीच्या तोंडावर हे यंत्र आजारी पडले. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि घरोघर झोके बांधले जातात. गावातल्या एका आजींनी, त्यांच्या आईकडच्या जुन्या घराच्या तुळईचे साग जपून ठेवले होते. त्याच्या दोन फळ्या काढून मामांकडे दिल्या आणि नातीसाठी वेलबुट्टीचा झोपाळा सांगितला. तशी तिसरी फळी नव्हती. यंत्राने मध्येच पाऊल गाळले असते तर फळी वाया जाती, आणि ते साग कोणत्याही वखारीत विकत मिळणारे नव्हते. म्हणून मामांनी ठरविले की आधी रोग शोधावयाचा, मग सागाला हात लावावयाचा. सुट्टीत मी तेथेच होतो. मीटर धरणे, आकडे वहीत टिपणे हे काम माझ्याकडे आले. या लेखातील आकडे त्या वहीतले आहेत.

तक्रारी तीन होत्या. पहिली, संगणक सकाळी लवकर सुरू होत नसे. कळ तीनचार वेळा दाबावी लागे. दुसरी, संध्याकाळी काम चालू असता तो अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होई. तिसरी, कोरलेले फूल कधी कधी दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकलेले निघे. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचे निदान एकच होते: ऊन. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा तसे वाटणे साहजिकच आहे. पण ऊन हे कारण असते तर संगणक दुपारी अडला असता. तो अडत होता पहाटे, शेड थंड असताना. हा एक धागा मोलाचा होता.

कोणत्याही जुन्या संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यातील मापांची व नक्षींची प्रत काढून घ्यावी. दर मिलिमीटरला किती ठोके, कोणती तार कोणत्या मोटारीची, वेगाची मर्यादा किती, हे सारे एका छोट्या मजकुरात साठविलेले असते. तो गेला तर यंत्र शाबूत राहूनही पांगळे होते. आम्ही ती प्रत दोन ठिकाणी ठेवली आणि महत्त्वाचे आकडे मामांच्या वहीतही उतरवून घेतले.

नंतर झाकण उघडले. आत लाकडाचा भुसा आणि कापसाचे तंतू यांची एक गादीच झाली होती. जिनिंगच्या हंगामात आमच्याकडे हवेत रुईचे तंतू असतात, ते पंख्याने ओढून घेतले जातात. ही धूळ बाहेर अंगणात नेऊन हवेने उडवावी, आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते भरधाव फिरून त्याचे धारवे खराब होतात. आतील गोल बटणासारख्या बॅटरीचा दाब ३ व्होल्ट असावयास हवा, तो २.४ भरला. संगणक रोज सकाळी तारीख विसरत होता त्याचे कारण हे. तारीख चुकल्याने लाकूड बिघडत नाही. परंतु त्याच स्मृतीत पंचवीस छिद्रांच्या जोडस्थानाची मांडणीही असते, आणि बॅटरी मेली की तीही मूळपदावर जाते. बॅटरी बदलली आणि मांडणी पुन्हा भरली.

आता वीजपुरवठ्याकडे. संगणकाच्या पेटीत जो पत्र्याचा डबा असतो तो घरातील २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या सरळ प्रवाहात रूपांतर करतो. हे करताना तो आधी आलेल्या विजेला एकमार्गी करून दोन मोठ्या कपॅसिटरांत साठवितो, आणि तेथे दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो. पिन काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो. म्हणून ज्याला सवय नाही त्याने डबा उघडूच नये. दुसरा आणून बसवावा. आमच्याकडे बसस्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, डबा त्यांनीच उघडला. मीटरवर आकडा दहाच्या खाली उतरेपर्यंत त्यांनी आत बोट घातले नाही, आणि तेव्हाही डावा हात पाठीमागे ठेवला होता.

डबा न उघडता करता येण्याजोगी एक परीक्षा मात्र प्रत्येकाला माहीत असावी. संगणकातून त्याच्या सर्व जोडण्या काढून मोठ्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेला जोडली की डबा सुरू होतो. मग पिवळी तार १२, लाल ५ आणि नारिंगी ३.३ व्होल्ट दाखविते. पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे लाल तार ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवी. पण रिकामा डबा नेहमी शहाण्यासारखा वागतो. आमच्या डब्याने रिकाम्याने ५.०२ दाखविले. मोटारसायकलचा बारा व्होल्टचा दिवा लाल तारेला जोडून भार दिला, तशी आकडा थरथरू लागला आणि ४.६ ते ४.९ मध्ये हेलकावे खाऊ लागला. पाचसात मिनिटे चालू ठेवल्यावर तो हळूहळू सावरला. पहाटेच्या तक्रारीचे उत्तर येथे मिळाले.

याचे कारण असे. सरळ केलेली वीज गुळगुळीत करण्याचे काम कपॅसिटर करतात. त्यांच्या पोटात ओला द्रव असतो. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून तो आटतो, तसा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंडपणी जास्त आणि ऊबेने कमी होतो. म्हणून पहाटे संगणक उठत नाही. तीनचार वेळा कळ दाबल्याने कपॅसिटर थोडे तापतात आणि मग तो उठतो. उन्हाळा येथे रोग लपवीत होता. (अर्थात कपॅसिटर आटविले तेही उन्हाळ्यांनीच. ढोबळ नियम असा, की दहा अंश तापमान वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते.) डबा उघडला तेव्हा बाहेर जाणाऱ्या तारांजवळच्या तीन कपॅसिटरांचे सपाट माथे फुगून घुमटाकार झालेले दिसले. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर असे निकृष्ट कपॅसिटर लाखो यंत्रांत बसविले गेले. त्या काळच्या संगणकात प्रथम हेच माथे पाहावेत. बदलताना तितक्याच क्षमतेचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे, १०५ अंशांपर्यंत टिकणारे आणि कमी रोधाचे घ्यावेत, आणि ऋण बाजूचा पट्टा जिकडे होता तिकडेच ठेवावा. उलटा बसविलेला कपॅसिटर फुटतो.

दुसरी तक्रार, संध्याकाळची. संगणक बंद पडण्याआधी दरवेळी ‘टक्’ असा आवाज येतो हे मामांनी सांगितले. तो आवाज संगणकाचा नव्हता, शेजारच्या यू.पी.एस.चा होता. संध्याकाळी शिवारातील पंप सुरू झाले की आमच्या शेडमधला दाब २३० वरून १८५ पर्यंत उतरतो. मी तीन संध्याकाळी मोजून पाहिला. इतका उतरला की यू.पी.एस. आपल्या बॅटरीवर जातो, आणि ही अदलाबदल होण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढा वेळ संगणकाने त्या दोन मोठ्या कपॅसिटरांतील शिलकीवर काढावयाचा असतो. नवा डबा पंधरा-सोळा सहस्रांश सेकंद सहज तग धरतो. येथे कपॅसिटर जुने, म्हणजे रांजणच लहान झालेला. शिवाय साठलेली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे १८५ व्होल्टला ती २३० च्या मानाने पासष्ट टक्केच उरते. लहान रांजण आणि तोही पाऊणसुद्धा भरलेला नाही, अशा अवस्थेत अदलाबदल झाली की संगणक कोसळणारच. काकांनी ते दोन कपॅसिटरही बदलले. त्यानंतर यू.पी.एस.ची पिन मुद्दाम भिंतीतून काढून पाहिली. वीस वेळा काढली, वीसही वेळा संगणक चालूच राहिला.

तिसरी तक्रार सर्वांत फसवी होती, कारण फूल सरकण्याची कारणे अनेक असू शकतात. अशा वेळी चूक कशी होते हे न पाहता कोठे आणि केव्हा होते हे पाहावे. सरकणे हळूहळू, कामाच्या लांबीबरोबर वाढत जात असेल तर दांड्याची कडी सैल असते. कोठेही, कसेही होत असेल तर विजेचा गोंगाट तारांत शिरत असतो. पडद्यावर काही हलविले की होत असेल तर संगणकाचा ताल बिघडलेला असतो. आम्ही ज्या लिनक्स-सी.एन.सी. या मोफत प्रणालीवर काम करतो तिच्यात तालाची परीक्षा घेण्याची सोय आहे. ती तासभर चालवून, सोबत पडद्यावर खिडक्या उघडझाप करून पाहिले. ठोका जास्तीत जास्त सेकंदाच्या अठरा दशलक्षांशांनी चुकत होता. दोन ठोक्यांमधले अंतर १२५ दशलक्षांश, तेव्हा संगणक निर्दोष ठरला. जोडस्थानाच्या प्रत्येक तारेचा दाबही तपासला. सर्व तारा इशारा देताना तीन व्होल्टच्या वर जात होत्या.

वहीतल्या नोंदी पाहता फूल नेहमी एकाच दिशेला सरकलेले होते. ती दिशा संपूर्ण जड कमान ओढणाऱ्या मोटारीची. आणि सरकणे नेमके तेथे झाले होते जेथे तिन्ही मोटारी एकदम वेग घेतात, तेही संध्याकाळी. मोटारींसाठी ३६ व्होल्टचा वेगळा पुरवठा आहे. शांत असताना तो ३६.१ दाखवी, संध्याकाळी तिन्ही मोटारी एकदम उसळल्या की क्षणभर ३१ वर येई. मोटारीच्या वेटोळ्यात प्रवाह एकदम भरत नाही, त्याला वेळ लागतो. दाब जितका अधिक तितका तो लवकर भरतो. सावकाश चालताना ३१ व्होल्टही पुरतात. पण सेकंदाला आठ हजार ठोके पडत असताना प्रवाह पुरता भरण्याआधीच पुढचा ठोका येतो आणि मोटारीचा जोर ओसरतो. हलक्या दोन मोटारी कशाबशा निभावतात, जड कमानीची मोटार पाऊल गाळते.

त्या पुरवठ्याच्या बाजूला ११५ आणि २३० अशी एक छोटी कळ असते, तीही पाहून घेतली. आपल्याकडे ती २३० वरच असली पाहिजे. ११५ वर ठेवून पिन लावली तर पुरवठा त्याच क्षणी फुटतो. आमची कळ बरोबर होती; पट्टीवर मात्र ‘१८० ते २६४’ असे लिहिले होते. म्हणजे संध्याकाळी आम्ही अगदी उंबऱ्यावर उभे होतो. उपाय दोन केले. शेडला दाब स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर बसविला, आणि कमानीच्या मोटारीचा वेग घेण्याचा दर निम्म्यावर आणला. दुसऱ्या उपायास पैसा लागत नाही. काम थोडे लांबते इतकेच.

हे सर्व करताना एक चौथी गोष्ट सापडली, जिची तक्रार कोणी केलीच नव्हती. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. ‘थोडा करंट येतोच’ असे म्हणून सगळे ते सोडून देत. मीटरने पत्रा आणि ओली जमीन यांत शंभराच्या वर व्होल्ट दाखविले. याचे कारण संगणक बिघडलेला आहे असे नव्हे. डब्यात गोंगाट गाळण्यासाठी दोन सारखे लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोघांचा मध्य पत्र्याला जोडलेला असतो. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर ही किंचितशी वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. शेडमधल्या तीन पिनांच्या सर्व जोडण्यांत तिसरे छिद्र होते, पण त्याची तार भिंतीत जाऊन तेथेच संपत होती. माणसाला याने सहसा फक्त झिणझिण्या येतात. पण यंत्र चालू असताना पंचवीस छिद्रांची जोडणी काढली किंवा घातली तर तोच दाब संगणकाच्या नाजूक तारांतून जातो आणि जोडस्थान कायमचे जळते. आणि डब्यातच खरा बिघाड होऊन फेज पत्र्याला लागली, तर त्या तुटक्या तारेमुळे फ्यूज उडत नाही, माणूस मरतो.

वायरमनकडून शेडमागे खड्डा खणवून कोळसा आणि मिठाच्या थरांत अर्थिंग घातले. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टही उरले नाहीत. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, मातीचा आणि पट्टीचा संबंध सुटतो, म्हणून त्या खड्ड्यात चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतावे लागते. ते काम मामींनी तुळशीच्या पाण्यासोबत आपल्याकडे घेतले आहे. शिवाय संगणक आणि चालक-पेट्या यांच्यामध्ये प्रकाशाने इशारा पलीकडे नेणारी एक पाटी घातली. तिच्यात दोन्ही बाजूंचा विजेचा संबंधच राहत नाही. अलीकडे दिवा लुकलुकतो, पलीकडे त्याचा प्रकाश पाहून दुसरा इशारा तयार होतो.

सागाला हात लावण्यापूर्वी कडुलिंबाच्या टाकाऊ फळीवर तीच वेलबुट्टी कोरली, आणि तीही मुद्दाम संध्याकाळी, पंप चालू असताना. काम संपल्यावर हत्यार मूळ बिंदूवर परत बोलावले आणि डायल लावून पाहिले. शंभर मिलिमीटर मागेपुढे, दोनशे फेऱ्या करूनही ते मिलिमीटरच्या दोन शतांशांत परत येत होते. झोपाळ्याच्या दोन्ही फळ्या मग दोन पहाटांत कोरून झाल्या. प्रत्येकीला पाच तासांच्या आसपास लागले. पितळी कड्या मामांनी हाताने बसविल्या. आखाजीच्या आदल्या दिवशी आजी स्वतः शेडमध्ये आल्या. त्यांनी फळीवरून हात फिरवला, मागच्या बाजूला जुन्या तुळईची खिळ्याची खूण तशीच ठेवलेली पाहिली, आणि ‘बरं केलं, ही घासली नाही’ एवढेच म्हणाल्या.

आता असे यंत्र नव्याने बांधणाऱ्याने काय करावे, असे काही मित्रांनी मला विचारले आहे. त्यांनी जुना संगणक शोधत बसू नये. २००९ पासून ‘ग्रबल’ नावाची मोफत प्रणाली उपलब्ध आहे. ती तळहाताएवढ्या पाटीवर चालते, ठोक्यांचा ताल ती पाटीच सांभाळते, आणि मग यू.एस.बी.चा कोणताही संगणक चालतो. ज्याच्याजवळ आधीच जुने चालते यंत्र आहे त्याने मात्र एक जादा डबा, एक जादा बॅटरी आणि मापांची प्रत कपाटात ठेवून तेच चालवावे. मामांच्या संगणकाचा पंखा अजून खरखरतो. त्याचा नवा धारवा जळगावहून आणावयाचा आहे.